निकाल लागला, पण पोलीस ठाण्यात खटला अजून चालूच आहे: सनदेच्या अर्जाआधी नोंद कशी दुरुस्त करावी

तुमची हकिकत थोडक्यात अशी. 2017 साली वसतिगृहात मारामारी झाली आणि तिघांवर भारतीय दंड संहितेच्या कलम 325, 504 सह 34 खाली गुन्हा नोंदला गेला. 2019 मध्ये फिर्यादीशी तडजोड झाली आणि लोकअदालतीत प्रकरण संपलं. आता कायद्याची पदवी हातात आहे, सनदेसाठी, म्हणजे वकिलीच्या परवान्यासाठी, अर्ज करायचा आहे, आणि चारित्र्य पडताळणीच्या अहवालात तो गुन्हा अजून ‘न्यायप्रविष्ट’ दिसतो. त्याच्या खाली शेजारच्या तालुक्यातला जुगाराचा एक गुन्हाही तुमच्या नावावर टाकला आहे, ज्याच्याशी तुमचा काही संबंध नाही. या नोंदी काढून टाकता येतील का आणि अर्जात हे सगळं लिहावं का, असं तुम्ही विचारता.

मी 22 वर्षं फौजदारी बाजूला वकिली करतो आहे. सनद, रिक्षाचा बिल्ला, सुरक्षा एजन्सीचा परवाना, शस्त्र परवाना अशा कामांत अडकलेली माणसं वर्षभर येत असतात. त्यातल्या बहुतेकांची अडचण एकच असते: कोर्टाने त्यांना कधीच सोडलेलं असतं, पण ती गोष्ट पोलीस ठाण्यापर्यंत पोचलेली नसते. तुमचंही तेच झालेलं दिसतं. दोन्ही नोंदी दुरुस्त होण्यासारख्या आहेत. फक्त अर्जावर सही करण्याआधी ते काम उरका. आज ही चूक पोलिसांच्या दप्तरातली आहे. उद्या अर्जात तुम्ही काही चुकीचं लिहून बसलात तर ती तुमची चूक होईल, आणि ती निस्तरणं फार अवघड जातं.

आधी ‘काढून टाकणं’ आणि ‘दुरुस्त करणं’ यांतला फरक नीट समजून घ्या. प्रौढ माणसावर नोंदलेला गुन्हा निकालानंतर दप्तरातून पुसून टाकावा असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. निर्दोष सुटलात तरी अमुक क्रमांकाचा गुन्हा अमुक साली नोंदला होता ही नोंद राहते. त्या नोंदीपुढे खरा निकाल लिहून घेणं मात्र तुमच्या हातात आहे, आणि परवान्यासाठी तेवढं पुरतं. म्हणून ‘माझी नोंद डिलीट करा’ असा अर्ज घेऊन ठाण्यात जाऊ नका. तो अधिकार ठाण्याला नाही, त्यामुळे तो अर्ज तसाच पडून राहतो आणि तुमचे दोन महिने जातात. ‘निकालाची नोंद घ्या’ असा अर्ज करा.

निकाल ठाण्यापर्यंत का पोचत नाही, ते सांगतो, म्हणजे कुठे बोट ठेवायचं ते कळेल. तुमच्याकडे प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत असेल तर तिच्या माथ्यावर ‘एकीकृत अन्वेषण फॉर्म 1’ असं छापलेलं दिसेल. सीसीटीएनएस या देशभरच्या संगणक प्रणालीत प्रत्येक गुन्ह्याचा प्रवास असा फॉर्मांमधून नोंदला जातो. पहिला फॉर्म खबरीचा, तिसरा अटकेचा, पाचवा दोषारोपपत्राचा किंवा अंतिम अहवालाचा, सहावा कोर्टाच्या निकालाचा, सातवा अपिलाच्या निकालाचा. पहिले पाच फॉर्म भरले जातात, कारण तपास अधिकाऱ्याच्या मागे वरिष्ठांचा तगादा असतो. सहावा भरायला कोर्टातून निकाल कळावा लागतो. तो कळवणारा माणूस म्हणजे ठाण्याचा कोर्ट पैरवी करणारा, म्हणजे कोर्टातली कामं पाहणारा हवालदार. त्याची बदली झाली, तो त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात होता, किंवा लोकअदालतीच्या एकाच दिवशी ढिगाने प्रकरणं निघाली, की काही निकाल कळवायचे राहतात. मग संगणकात तुमची गोष्ट पाचव्या फॉर्मावर थांबते, आणि पडताळणी करणारा कर्मचारी समोर दिसतं तेच लिहितो: न्यायप्रविष्ट. त्याने तुमच्याशी वैर केलेलं नसतं. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण संतापून ठाण्यात गेलेल्या माणसाचं काम मागे पडतं.

म्हणून पहिली फेरी कोर्टाची करा. ज्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खटला होता तिथल्या नक्कल विभागात अर्ज करून दोन कागद मागा: अंतिम आदेशाची प्रमाणित नक्कल आणि रोजनाम्याची, म्हणजे दर तारखेच्या कामकाजाच्या नोंदीची, नक्कल. खटला क्रमांक आठवत नसेल तर ई-कोर्टच्या संकेतस्थळावर तुमच्या नावाने किंवा ठाणे आणि गुन्हा क्रमांकाने शोधा. तिथे सोळा अक्षरी सीएनआर क्रमांकही, म्हणजे त्या खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांकही, मिळेल. तो लिहून ठेवा, पुढे प्रत्येक अर्जात लागेल. पण संकेतस्थळावरच्या ‘निकाली’ या शब्दाची छापील प्रत हा निकालाचा पुरावा नव्हे. निकाली म्हणजे सुटला की शिक्षा झाली, हे त्यावरून कळत नाही. सही-शिक्क्याची नक्कलच हवी, आणि तिच्या निदान तीन प्रती काढून घ्या.

नक्कल मिळाली की आदेशातलं शेवटचं वाक्य शांतपणे वाचा. तुमच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण प्रकरण लोकअदालतीत मिटलं आहे. तडजोडीच्या आदेशात कधीकधी एवढंच असतं: ‘पक्षकारांत तडजोड झाली, प्रकरण निकाली.’ निर्दोष हा शब्द कुठेच नसतो, आणि मग ठाण्यातला कर्मचारी किंवा परवाना देणारा अधिकारी बुचकळ्यात पडतो. त्यासाठी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 320 चं उपकलम 8 लक्षात ठेवा: या कलमाखाली झालेल्या तडजोडीचा परिणाम आरोपीच्या निर्दोष मुक्ततेइतकाच असतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम 359 मध्ये आलं आहे. तुमचा निकाल 2019 चा, म्हणून तुमच्या अर्जात जुनं कलमच लिहा. कलम 325 ची तडजोड कोर्टाच्या परवानगीने होते, तेव्हा ती परवानगी आदेशात किंवा तडजोडीच्या अर्जाखालच्या शेऱ्यात आहे ना, हेही पाहा. अर्जाला दिलेला निशाणी क्रमांक रोजनाम्यात सापडेल. त्याचीही नक्कल घ्या.

आदेशातच चूक असेल तर? नाव चुकलं आहे, वडिलांच्या जागी आजोबांचं नाव पडलं आहे, आरोपी क्रमांक 2 आणि 3 ची अदलाबदल झाली आहे, अशा चुका मी अनेकदा पाहिल्या आहेत. कोर्टाला आपला निकाल सही केल्यानंतर बदलता येत नाही, पण लेखनातली किंवा आकड्यातली चूक सुधारता येते. जुन्या संहितेत ते कलम 362 होतं, नव्यात 403. ही चूक त्याच कोर्टात अर्ज करून आधी सुधारून घ्या आणि मगच पोलिसांकडे जा. चुकीच्या नावाचा आदेश घेऊन ठाण्यात गेलात तर संगणकात आणखी एक चूक शिरेल.

नकलेसाठी उशीर करू नका, कारण कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधली जुनी कागदपत्रं ठरावीक मुदतीनंतर नष्ट केली जातात. तुमचा निकाल फार जुना नाही. ज्यांचा पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा आहे त्यांनी आजच जावं. कागद नष्ट झाले असतील तर कोर्टाच्या कार्यालयाकडून तसं लेखी घ्यायचं आणि खटला नोंदवहीतल्या त्या ओळीचा उतारा मागायचा. निकालाचा प्रकार त्या ओळीत असतो.

आता दुसरी फेरी, पोलीस ठाण्याची. अर्ज ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावे लिहा. त्याची प्रत जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांना आणि आयुक्तालयात संबंधित उपायुक्तांना द्या. मजकूर साधा ठेवा. मी साधारण असा लिहून देतो:

‘मी आपल्या पोलीस ठाण्यातील गु.र.नं. अमुक/2017, भा.दं.वि. कलम 325, 504 सह 34 या गुन्ह्यात आरोपी क्रमांक 3 होतो. सदर गुन्ह्याचा नियमित फौजदारी खटला क्रमांक अमुक, सीएनआर क्रमांक अमुक, हा दिनांक अमुक रोजी कलम 320 फौ.प्र.सं. प्रमाणे तडजोडीने निकाली निघाला असून कलम 320(8) नुसार त्याचा परिणाम माझ्या निर्दोष मुक्ततेचा आहे. आदेशाची प्रमाणित नक्कल सोबत जोडली आहे. तथापि दिनांक अमुकच्या चारित्र्य पडताळणी अहवालात सदर गुन्हा न्यायप्रविष्ट दर्शवला आहे. तरी ठाण्याच्या गुन्हे नोंदवहीत व सीसीटीएनएस प्रणालीत न्यायालयीन निकालाची नोंद घेण्यात यावी, तसे मला लेखी कळवावे व सुधारित अहवाल द्यावा, ही विनंती.’

एवढंच. मारामारी कशी झाली, चूक कोणाची होती, तुम्ही किती निरपराध होता, यातलं काही लिहू नका. निकाल लागलेल्या गोष्टीची बाजू पुन्हा मांडायची नसते.

अर्ज बारनिशीत, म्हणजे आवक-जावक टेबलावर, द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तर नम्रपणे पण ठामपणे पोच मागा. शिक्का मिळेना तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज, पुढच्या सगळ्या पायऱ्या या शिक्क्यावर उभ्या राहतात. अर्ज दिल्यावर पैरवी हवालदाराला भेटा आणि नकलेची एक झेरॉक्स त्याच्या हातात द्या. सहावा फॉर्म भरताना माहिती त्यालाच पुरवावी लागते. माझा अनुभव असा की कागद पूर्ण असले तर बरीच कामं इथेच होतात.

दाद मिळाली नाही तर महिनाभराने माहितीचा अधिकार वापरा. महाराष्ट्रात अर्जाचं शुल्क 10 रुपये, मजकूर 150 शब्दांच्या आत आणि एका अर्जात एकच विषय. ‘माझी नोंद का बदलली नाही’ असं विचारलंत तर ‘का’चं उत्तर देणं बंधनकारक नाही असं सांगून अर्ज परत येईल. विचारायचं ते असं: माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर केलेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी, आणि गु.र.नं. अमुकच्या न्यायालयीन निकालाच्या नोंदीची प्रत द्यावी. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. तपास चालू असताना पोलीस कलम 8(1)(ज) चा आधार घेऊन माहिती नाकारू शकतात, पण तुमचा तपासही संपला आहे आणि खटलाही. त्यामुळे ती आडकाठी इथे लागू पडत नाही. बहुतेक वेळा अर्ज आत गेला की उत्तराआधी दुरुस्तीच होते. यावरही कोणी हलत नसेल तर उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली रिट याचिकेचा मार्ग आहे. पण तिथपर्यंत जायची वेळ माझ्या पक्षकारांवर फार कमी वेळा आली आहे.

आता जुगाराच्या नोंदीकडे. हा सगळा वेगळा मामला आहे आणि खरं सांगायचं तर मला पहिल्यापेक्षा याची काळजी जास्त वाटते. पहिल्यात तुम्ही होतात, तुमच्याकडे निकाल आहे. दुसऱ्यात तुम्ही नव्हतातच, म्हणून तुमच्याकडे एकही कागद नाही. अशा नोंदी नावसाधर्म्याने येतात. आपल्याकडे एकाच पंचक्रोशीत एकच आडनाव आणि तेच नाव असलेली चार माणसं सहज सापडतात. पडताळणी करताना नाव टाकलं जातं, समोर यादी येते, आणि वडिलांचं नाव, वय, पत्ता ताडून न पाहता एक ओळ अहवालात उतरते.

इथे उलट्या दिशेने जावं लागतं. आधी त्या गुन्ह्यातला माणूस कोण होता ते कागदावर आणायचं. अहवालात गुन्हा क्रमांक आणि ठाणं दिलेलं असेल, त्यावरून प्रथम खबर मिळवा. यूथ बार असोसिएशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 7 सप्टेंबर 2016 रोजी प्रथम खबरी 24 तासांच्या आत संकेतस्थळावर टाकण्याचे आदेश दिले, संवेदनशील गुन्हे वगळून. त्यामुळे त्यानंतरचे बरेच गुन्हे पोलिसांच्या संकेतस्थळावर बघायला मिळतात. गुन्हा त्याआधीचा असेल तर ठाण्याकडे किंवा कोर्टात अर्ज करावा लागेल. त्या कागदांत आरोपीचं पूर्ण नाव, वय, व्यवसाय, राहण्याचं ठिकाण असतं. अटकेच्या फॉर्ममध्ये शरीरावरच्या ओळखखुणाही असतात. हे सगळं तुमच्या जन्मदाखल्याशी, शाळा सोडल्याच्या दाखल्याशी, त्या काळातल्या पत्त्याच्या पुराव्याशी समोरासमोर ठेवा. गुन्ह्याच्या तारखेला तुम्ही परीक्षेला बसला होतात किंवा वसतिगृहाच्या हजेरीपटात तुमची सही आहे, असं काही निघालं तर तेही जोडा. सोबत एक शपथपत्र करा की सदर गुन्ह्यातील आरोपी मी नाही, मला त्यात कधी अटक, नोटीस वा समन्स झालेलं नाही.

अर्ज दोन ठिकाणी करा: जिथे तो गुन्हा नोंदला आहे त्या ठाण्यात, आणि जिथून तुमचा अहवाल निघाला तिथे. मागणी नेमकी ठेवा: ‘सदर गुन्ह्यातील आरोपी व अर्जदार या भिन्न व्यक्ती आहेत’ असा लेखी अहवाल. हे वाक्य कागदावर मिळालं की ते आयुष्यभर जपून ठेवा, कारण नावसाधर्म्य संपत नाही. उद्या पासपोर्टला, परवा दुसऱ्या परवान्याला तीच ओळ पुन्हा वर येऊ शकते. कागदांवरून माणूस वेगळा ठरत नसेल तर त्या गुन्ह्यात घेतलेल्या बोटांच्या ठशांशी तुमचे ठसे ताडून पाहा अशी मागणी करता येते. पण आपणहून ठसे देण्याआधी तुमच्या वकिलाशी बोला.

सनदेच्या अर्जात काय लिहायचं? सगळं खरं लिहायचं. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, 1961 चं कलम 24अ नीट वाचा. त्यात सनदेला आड येते ती नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातली दोषसिद्धी, आणि तीही सुटका होऊन दोन वर्षं झाली की आड येत नाही. तुम्हाला दोषसिद्धीच नाही. म्हणजे खरं सांगितल्याने या कलमाखाली तुमची सनद अडत नाही. दुसरीकडे त्याच कायद्याच्या कलम 26 च्या परंतुकात म्हटलं आहे की महत्त्वाच्या बाबीविषयी चुकीची माहिती देऊन, फसवणुकीने किंवा गैरवाजवी दबावाने नाव पटावर आणलं असेल तर भारतीय विधिज्ञ परिषद ते काढून टाकू शकते. पाच वर्षं वकिली केल्यावर, पक्षकार जोडल्यावर नाव निघणं म्हणजे काय असतं ते मी एका तरुण सहकाऱ्याच्या बाबतीत जवळून पाहिलं आहे. त्याच्यावरचा गुन्हा किरकोळ होता, तो सुटलेलाही होता. फक्त अर्जात ‘नाही’ लिहिलं होतं.

अर्जातला प्रश्न शब्दशः वाचा, कारण हे तीन वेगळे प्रश्न असतात. तुमच्यावर कधी गुन्हा नोंदला होता का? तुमचं उत्तर ‘होय’. खटला प्रलंबित आहे का? ‘नाही’. कधी शिक्षा झाली आहे का? ‘नाही’. जिथे ‘होय’ आहे तिथे वेगळा कागद जोडून गुन्हा क्रमांक, कलमं, निकालाची तारीख आणि नक्कल द्या. जुगाराच्या नोंदीबद्दलही एक ओळ लिहा: पडताळणीत अशी नोंद दिसत होती, ती अन्य व्यक्तीची आहे, भिन्न व्यक्ती असल्याचा अहवाल सोबत जोडला आहे. अवतार सिंग विरुद्ध भारत संघ या 2016 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोकरीच्या पडताळणीबाबत जे सांगितलं त्याचा गाभा इथेही उपयोगी आहे: विचारलेली माहिती खरी द्यायला हवी, आणि जी नेमकी विचारलीच नाही ती दिली नाही म्हणून लपवली असं धरता येत नाही. शंका असेल तर मी सांगण्याच्या बाजूने असतो. 2024 च्या सप्टेंबरात विधिज्ञ परिषदेने विधी महाविद्यालयांनाही विद्यार्थ्यांच्या फौजदारी पार्श्वभूमीची तपासणी करायला सांगितलं आहे. तेव्हा महाविद्यालयात तुम्ही काही लिहून दिलं असेल तर ते आणि सनदेचा अर्ज एकमेकांशी जुळतात ना, ते पाहा.

तुमच्यासारखीच अडचण असलेले पण निकाल वेगळा असलेले बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगतो. सगळ्यात जास्त माणसं फसतात ती ‘दंड भरून केस संपवली’ या वाक्यात. सुरक्षा एजन्सीचा परवाना मागणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. जुन्या एका छाप्यात जुगार कायद्याखाली त्यांच्यावर केस झाली होती, कोर्टात उभे राहिले, ‘कबूल’ म्हणाले, काही शे रुपये भरले आणि घरी गेले. त्यांच्या मनात केस मिटली होती. कायद्याच्या भाषेत ती दोषसिद्धी होती. गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे शिक्षा होणं. तडजोड म्हणजे सुटणं. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपील जवळपास बंद असतं, शिक्षेचं प्रमाण आणि कायदेशीरपणा एवढ्यापुरतंच ते करता येतं. त्यांनी ‘शिक्षा नाही’ असं लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. आम्ही खरं लिहिलं, दंडाची पावती आणि आदेश जोडला, आणि त्या कायद्यात अपात्रतेची कारणं काय आहेत ते पाहून बाजू मांडली. प्रत्येक परवान्याचा कायदा वेगळा असतो. सनदी लेखापालांसाठी 1949 चा कायदा, खासगी सुरक्षा एजन्सीसाठी 2005 चा. अपात्रतेचं कलम स्वतः वाचल्याशिवाय घाबरायचं नाही आणि निश्चिंतही राहायचं नाही.

कोर्टाने दोषी धरलं पण चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं असेल, तर 1958 च्या परिवीक्षा कायद्याचं कलम 12 पाहा. कलम 3 किंवा 4 खाली सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम 24अ मध्येही हे स्पष्ट म्हटलं आहे. गुन्ह्याच्या वेळी अठरा पूर्ण नव्हती त्यांच्यासाठी तर कायदा आणखी उदार आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74(2) नुसार बंद झालेल्या किंवा निकाली निघालेल्या प्रकरणात मुलाची नोंद चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी उघड करायची नाही, आणि कलम 24 अपात्रता दूर करतं. अपवाद सोळा वर्षांपुढच्या, प्रौढ म्हणून खटला चाललेल्या आणि दोषी ठरलेल्या मुलांचा. अशी नोंद अहवालात आली असेल तर अर्जात वय सिद्ध करून या कलमांचा उल्लेख करा.

ज्यांच्या गुन्ह्यात पोलिसांनी दोषारोपपत्र न पाठवता समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, पाठवली, त्यांनी समरी कोणती होती आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी ती मंजूर केली का, हे दोन्ही पाहावं. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही, ‘ब’ म्हणजे तक्रार हेतुपुरस्सर खोटी, ‘क’ म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून केलेली. समरी पाठवली पण कोर्टात मंजुरीच झाली नाही, अशी प्रकरणं वर्षानुवर्षं ‘तपासावर’ दिसत राहतात. तसंच शासनाने खटले मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला म्हणून खटला संपत नाही. सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाची संमती लागते. आंदोलनातल्या केसेस असलेल्या विद्यार्थ्यांनी हे जरूर तपासावं. चॅप्टर केस (शांतता राखण्याच्या हमीसाठीची प्रतिबंधक कारवाई) आणि अदखलपात्र तक्रार हे दोन्ही प्रकार दोषसिद्धीत मोडत नाहीत. अहवालात ते ‘गुन्हे’ या रकान्यात टाकले असतील तर तो रकाना सुधारून मागा. अपिलात असलेल्यांनी लक्षात ठेवावं की शिक्षेला स्थगिती मिळाली म्हणजे दोषसिद्धीला मिळाली असं होत नाही.

अटकेत ठसे आणि छायाचित्र घेतलेल्यांना 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याचा आधार आहे. आधी कधी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला, आरोपमुक्त झाला किंवा निर्दोष ठरला, आणि पुढचे सगळे कायदेशीर मार्ग संपले, की ती मापं नष्ट करायची असतात, कोर्टाने कारणं लिहून वेगळा आदेश दिला नसेल तर. तुमच्या वेळी हा कायदा नव्हता, तरी ठसे घेतले असतील तर त्यांच्याबाबतही एक अर्ज देऊन ठेवायला हरकत नाही.

या कामात तुम्हाला कोणीतरी भेटेलच, जो म्हणेल की इतके पैसे द्या, रेकॉर्ड साफ करून देतो. त्याच्या वाटेला जाऊ नका. तो एक तर काहीच करणार नाही, किंवा बनावट दाखला आणून देईल, आणि तो दाखला तुम्ही अर्जाला जोडलात की आज तुमच्यावर नसलेला गुन्हा उद्या खरोखर उभा राहील.

वेळेचा अंदाज म्हणाल तर नकलेपासून सुधारित अहवालापर्यंत मी पक्षकारांना तीन-चार महिने धरायला सांगतो. सनदेचा अर्ज त्या हिशोबाने करा. ठाण्याने ‘नोंद घेतली’ असं लेखी दिलं तरी तिथे थांबू नका. चारित्र्य पडताळणीचा नवा अर्ज करून नवा अहवाल काढा आणि तो स्वतः ओळ न ओळ वाचा. ठाण्याच्या वहीत दुरुस्ती झाली पण संगणकात राहिली, असं होतं.

आणि तुमच्याबरोबरचे ते दोघे, आरोपी क्रमांक 1 आणि 2. आदेश एकच, म्हणजे त्यांच्या नावापुढेही आज ‘न्यायप्रविष्ट’च दिसत असणार, आणि त्यांना बहुधा ते माहीतही नसेल. नकलेचा अर्ज करण्याआधी त्यांना फोन करा. ठाण्याला तिघांचा एकत्र अर्ज दिलात तरी चालतो.